मिरचीला पाणी बेतानं

सोन्या,

यंदा गच्चीत भूत जोलोकिया लावायची म्हणालास. लाव, पुण्याच्या हवेत ती येते. पण बी पेरण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय समोर घे आणि उलट्या बाजूनं मोजायला लाग. मिरची वाळायला कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन कधी मिळतं? डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. म्हणजे फळं तेव्हाच लाल व्हायला हवीत. ही जात संथ आहे. बी रुजायला तीन-चार आठवडे, रोप मोठ्या कुंडीत बसवण्याजोगं व्हायला त्यानंतर महिना-सव्वा महिना, फुलावर यायला आणखी दोन महिने, आणि फूल धरल्यापासून फळ पुरतं लाल व्हायला पुन्हा जवळजवळ दोन महिने. हिशेब केलास की पेरणी मेअखेरीला किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. हौसेनं फेब्रुवारीत पेरणारे पुष्कळ आहेत. त्यांची मिरची श्रावण-भाद्रपदात लाल होते, झाड बघत राहावं असं दिसतं, आणि मग ती वाळवायची कुठे हा प्रश्न पडतो. पावसाळी हवेत मिरची वाळत नाही, कुजते.

मिरचीचं सगळं गणित पाण्याचं आहे. बी कुजतं पाण्यानं, रोप कोलमडतं पाण्यानं, मूळ सडतं पाण्यानं. वाळत घातलेलं फळ आतून काळं पडतं आणि बरणीतलं तिखट सादळतं तेही पाण्यानंच. माझ्या आईनं मला हे सांगितलं, तिला तिच्या सासूनं. त्यांच्या परसात लवंगी असायची आणि वर्षाच्या तिखटासाठी संकेश्वरीची पोती गडहिंग्लजच्या बाजारातून यायची. भूत जोलोकियाचं नाव त्यांनी ऐकलंही नव्हतं. तरी त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं हिला लागू पडतं.

हिची ओळख करून घे, कारण घरात काय आणतोयस ते ठाऊक असलेलं बरं. ही ईशान्येची. आसामात भूत जोलोकिया, नागालँडात राजा मिरची, मणिपुरात उमोरोक. नागा मिरची या नावानं तिला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेजपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली तिचा तिखटपणा साडेआठ लाख स्कोव्हिलच्या वर असल्याचं लिहिलं. पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात पुन्हा मोजणी झाली, आकडा १०,०१,३०४ आला आणि २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली. आता तो मान तिच्याकडे नाही. २०१३ साली कॅरोलिना रीपर पुढे गेली, २०२३ साली पेपर एक्स. पण आपली रोजची तिखट मिरची हजारांत मोजतात आणि ही दहा लाखांत, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे. आसामात हत्तींना शेतापासून दूर ठेवायला कुंपणाच्या दोरांना हिचा लेप फासतात. तीच मिरची तू उद्या स्वयंपाकघरात चिरणार आहेस.

आता बी. खात्रीच्या माणसाकडून घे. ऑनलाइन मिळणाऱ्या पाकिटांत पुष्कळदा भलतंच निघतं आणि ते कळायला सहा महिने जातात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजव. कोकोपीट ओलं करून मुठीत दाब. थेंब गळला तर पाणी जास्त आहे, नुसता गोळा झाला की बरोबर. त्यात अर्धा सेंटिमीटर खोल एकेक बी टाक. थोडी ट्रायकोडर्माची पूड मिसळलीस तर बुरशी दूर राहील. ट्रे उबेत ठेव, अठ्ठावीस-तीस अंशांवर बी चांगलं रुजतं. जूनमध्ये पाऊस पडून हवा गार झाली तर ट्रे फ्रिजच्या वर ठेव, तिथे ऊब असते. आणि मग वाट बघ. लवंगी आठ-दहा दिवसांत डोकं वर काढते, ही महिना लावते. बी मेलं असं समजून रोज उकरून बघणारे आणि काळजीपोटी रोज पाणी ओतणारे, दोघांचंही बी वाया जातं. वरचा थर कोरडा दिसला की फवारणीच्या बाटलीनं दोन फवारे, बस्स.

रोप दोन पानांवर आलं की त्याला लगेच उजेड दे. उजेड कमी पडला की ते लांबुडकं होतं आणि जमिनीलगत बारीक पडून एका रात्रीत आडवं होतं. पावसाळ्यात हे फार होतं. उपाय तोच: पाणी कमी, वारा खेळता, रोपं दाटीनं नकोत. पाच-सहा पानं आली, रोप वीतभर झालं की मोठ्या कुंडीत.

कुंडी बारा ते चौदा इंची घे. छोटीत झाड जगतं, पण फळ धरत नाही. तळाला भोकं मोकळी हवीत आणि कुंडी दोन विटांवर ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी खाली तुंबत नाही. माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर घालूच नको, हुमणी येते. काळी माती असेल तर थोडी वाळू मिसळ, नाहीतर निचरा होणार नाही.

पाणी कधी घालायचं हे घड्याळावर ठरवू नको. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल. आत ओल लागली तर झारी खाली ठेव. शेतकरी वाफसा म्हणतो तशी माती मिरचीला हवी, ओलसर पण मोकळी, हाताला न चिकटणारी. दुपारी पानं माना टाकतात ते बघून घाबरू नकोस. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाड ठीक आहे. सकाळी उठल्यावरही पानं लोंबलेली दिसली, तर मात्र बघ: माती कोरडी असेल तर पाणी दे, आणि माती ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळं सडताहेत, पाणी ताबडतोब बंद कर. झाड सुकलेलं दिसलं की पाणी ओतायचं, या सवयीनं जितकी झाडं मेली तितकी उन्हानं मेली नसतील.

फळं पोसायला लागली की दोन पाण्यांमधलं अंतर थोडं वाढव. किंचित ताण बसला की बऱ्याच जातींत तिखटपणा चढतो. किंचित म्हणजे किंचितच; झाड रोज कोमेजवत ठेवलंस तर फुलं गळतील आणि फळं आखूड राहतील.

ऊन तिला हवं, पण ईशान्येतलं ऊन मवाळ असतं आणि तिथे ती घराच्या परसात अर्धसावलीतही वाढते. तुझ्या गच्चीत सकाळचं पाच-सहा तासांचं ऊन भरपूर झालं. ऑक्टोबरच्या दुपारी आणि पुढे उन्हाळ्यात हिरवी जाळी बांध. पारा पस्तिसाच्या वर गेला की फुलं गळतात, मग खत घालून काही उपयोग होत नाही. खताचंही सांगून ठेवते. झाड हिरवंगार, दाट, पानं तळहाताएवढी आणि फूल एकही नाही, असं झालं तर नत्र जास्त झालं आहे. फुलं दिसायला लागली की शेणखत आवरतं घे आणि महिन्यातून एकदा मूठभर लाकडाची राख मातीत मिसळ. राख जास्त झाली तर माती विम्ल होते, म्हणून मूठ म्हणजे मूठच.

रोग-किडीत एकच गोष्ट नीट शिकून घे, चुरडामुरडा. पानं आकसली, वळली की लोक एकच औषध मारतात. आधी पान कुठे वळलंय ते बघ. कडा वरच्या बाजूला वळून पानाची वाटी झाली असेल तर बहुधा फुलकिडे आहेत. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं झालं असेल तर कोळी. आणि पानं बारीक, पिवळी, शेंड्याशी गोळा होऊन झाडाची वाढच थांबली असेल तर विषाणू, तो पांढरी माशी आणते. पहिल्या दोन्हींवर निंबोळी तेल चालतं: लिटरभर पाण्यात पाच मिली, दोन-तीन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं, आठवड्यानं पुन्हा. विषाणूवर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्यायचं, कितीही जीव अडकला असला तरी. नाहीतर माशी तो रोग शेजारच्या कुंडीत नेते. पिवळे चिकट सापळे आधीपासून टांगून ठेवलेस तर माशी वेळेत लक्षात येते.

फळं लाल झाली की बुलबुल आणि पोपट येतील. त्यांना तिखट लागत नाही. बहुतेक पक्षी बी न चावता गिळतात आणि लांब नेऊन टाकतात, म्हणून मिरचीचा तिखटपणा त्यांच्या वाटेत येतच नाही. तो दातांनी बी फोडणाऱ्या प्राण्यांसाठी आहे. जाळी टाक, पण एखादी फांदी त्यांच्यासाठी बाहेर राहू दे.

एक गैरसमज काढून टाक. तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली की ढोबळी तिखट होते असं तुझ्या सोसायटीत कुणीतरी सांगेलच. फळ आईच्या वळणावर जातं, शेजारचं परागकण त्याची चव बदलत नाही. बदल होतो तो आतल्या बियांत, आणि तो दिसतो पुढच्या वर्षी. म्हणून बी धरायचं असेल तर कळ्या उमलण्याआधी एका फांदीला पातळ मलमलची पिशवी बांध, फांदी रोज हलकीच हलव, फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांध. तेवढ्याच फळाचं बी ठेव. ते सावलीत वाळव, कडक उन्हात बी जातं. कागदी पुडीत घालून डब्यात ठेवलंस तर दोन-तीन वर्षं रुजतं.

आता तोडा. लाल झाल्याबरोबर खुडू नको. पूर्ण लाल होऊन साल जराशी मऊ पडेपर्यंत झाडावर राहू दे, अर्धं वाळवण झाडच करून देतं. सकाळी दंव उडाल्यावर, देठासकट, कात्रीनं काप. ओढलंस तर फांदी मोडते. ओली मिरची कधी साठवू नये आणि वाळवायच्या मिरच्या धुवायच्या असतील तर अख्ख्या असतानाच धुऊन लगेच कापडानं पुसून घ्याव्यात. एखाददुसरी अर्धवट लाल असेल तर ती दोन दिवस घरात सावलीत सुपात पसरून ठेव, रंग भरतो. हिरवी मात्र वाळत घालू नको, ती पांढुरकी पडते आणि तिला वासही येत नाही.

हात घालण्याआधी हातमोजे. नायट्रिलचे घे, भांडी घासायचे पातळ नकोत. खिडक्या उघड्या, पंखा बंद. डोळ्यांत लेन्स असतील तर आधी काढून ठेव. दमा असलेलं कुणी घरात असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसव. तिखटपणा बियांत असतो असं म्हणतात, पण खरा तो आतल्या पांढऱ्या शिरांत भरलेला असतो. बी त्याला चिकटून असतं म्हणून तिखट लागतं. चिरताना तेच तुझ्या हाताला लागणार. आणि हा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. हाताची आग व्हायला लागली तर नळाखाली धरून बसू नको. आधी खोबरेल तेल चोळ, पुसून टाक, मग भांड्यांच्या साबणानं धू, असं दोनदा कर. तोंड पोळलं तर थंड दूध किंवा दही. डोळ्यात गेलं तर मात्र तेल-दूध काही नको, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं धू, आणि तरी थांबलं नाही तर सरळ डॉक्टर गाठ.

लवंगी अख्खी वाळते, ती बारीक आणि पातळ सालीची. भूत जोलोकिया तशी वाळत नाही. ती सुरकुतलेली, आतून पोकळ आणि ओली. बाहेरून कडक लाल दिसते आणि आत बियांभोवती करडी बुरशी बसलेली असते. म्हणून तिला उभी चीर दे, टोकापासून देठाजवळपर्यंत, दोन भाग देठाशी जोडलेले राहू देत. देठ काढू नको. देठ काढलेल्या जागेतून ओल आत शिरते, म्हणून आपल्याकडेही वाळवणाच्या मिरचीचे देठ कुटायच्या आदल्या दिवशीच खुडतात.

वाळत घालायची जागा जमिनीला टेकलेली नको. बाज असेल तर उत्तम, नाहीतर दोन खुर्च्यांवर जाळीचा चाळणा ठेव, त्यावर जुनी धुतलेली सुती साडी. खालून वारा लागला की निम्म्या वेळात काम होतं. प्लास्टिकवर घालू नको, खाली घाम सुटतो. मिरच्या एकीवर एक येऊ देऊ नको, चिरलेली बाजू वर कर. पहिले दोन दिवस उघडं ऊन दाखव. त्यानंतर वरून पातळ मलमल टाक, कारण कडक ऊन सलग लागलं की लाल रंग फिका पडतो आणि वाळलेली मिरची जुनाट दिसते. दिवसातून दोनदा चिमट्यानं उलथापालथ कर.

उन्हं कलायच्या आत सगळं गोळा करून घरात आण आणि सुपात झाकून ठेव. ही गोष्ट एक दिवसही चुकवायची नाही. फेब्रुवारीच्या रात्री दंव पडतं, आणि दिवसभर वाळलेली मिरची रात्रभर बाहेर राहिली की जेवढी वाळली तेवढी परत ओली होते. अशी दोन-तीनदा ओली-सुकी झालेली मिरचीच काळी पडते. बुरशी आलेली एखादी सापडली तर तेवढा भाग कापून उरलेली वापरायची नाही. मिरचीवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजून किंवा कुटून जात नाही. अख्खी मिरची फेकून दे, आणि तिला लागून असलेल्या दोन-चार उघडून बघ.

आभाळ आलं तर वाट बघत बसू नको. डिहायड्रेटर असेल तर पंचावन्न ते साठ अंशांवर लाव, पण गच्चीत किंवा बाल्कनीत, बंद स्वयंपाकघरात कधीच नाही. त्याचा खकाणा घरभर पसरला तर शेजारचे दार वाजवतील. गॅसवर, तव्यावर तर मुळीच नको. नागालँडात चुलीच्या वर टांगून धुरावर वाळवतात आणि त्या मिरचीला धुराचा वास सुंदर येतो, पण त्याला तिथली चूल आणि तिथलं उघडं घर लागतं.

वाळली हे कसं ओळखायचं? ओल्या मिरचीत दोनतृतीयांशाहून जास्त पाणी असतं, ते दहा-अकरा टक्क्यांवर यायला हवं. घरात ते मोजायला यंत्र नसतं, कान आणि बोटं असतात. हलवली की आतलं बी खुळखुळायला हवं. वाकवली तर वाकू नये, मोडावी. देठही काडकन तुटला पाहिजे. देठात दम असेल तर आत ओल आहे. एवढ्यावर विश्वास बसत नसेल तर चार मिरच्या कोरड्या काचेच्या बरणीत घालून झाकण लाव आणि रात्रभर ठेव. सकाळी झाकणाला आतून धुकं दिसलं तर सगळ्यांना अजून दोन उन्हं दाखव. चिरलेली भूत जोलोकिया फेब्रुवारीच्या चांगल्या उन्हात आठवड्याभरात होते. साध्या मिरचीची किलोला पाव किलोच्या आसपास वाळकी उरते, हिची त्याहूनही कमी. एका झाडाची वाळकी एका मध्यम बरणीत मावली तरी तुला दोन वर्षं पुरेल, म्हणून दोनपेक्षा जास्त झाडं लावू नको. जागा उरली तर लवंगी लाव, ती रोज खायला उपयोगी.

पूड करायची तर थोडी थोडी, लागेल तशी. अख्खी मिरची वर्षभर वास धरून ठेवते, पूड चार महिन्यांत उतरते. मिक्सरला लावण्याआधी मिरच्यांना अर्धा चमचा तेलाचा हात लाव, खकाणा कमी उठतो. डंकावर कुटणाऱ्या बायका हेच करायच्या. मिक्सर बाल्कनीत नेऊन फिरव, नाकातोंडावर मास्क असू दे. फिरवून झाल्यावर झाकण लगेच काढू नको. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू दे, आतली धूळ खाली बसते. ते भांडं मिरचीलाच ठेव, त्यात उद्या नारळ वाटू नको.

नुसती पूड भाजीत घालायची नाही. वाटीभर ब्याडगीच्या तिखटात हिची पाव चमचा मिसळ. रंग ब्याडगीचा, जाळ हिचा, आणि एवढं मिसळूनही पहिल्यांदा निम्म्यानंच सुरुवात कर. ओली मिरची तेलात घालून बाहेर ठेवायची पद्धत हल्ली दिसते, ती करू नको. पाणी असलेली वस्तू तेलाखाली बंद झाली की वरून दिसत नाही असं विष धरते. वाळलेली, खुळखुळणारी मिरची तेलात चालते.

बरणी काचेची, झाकण घट्ट, तळाशी कापडात बांधलेला हिंगाचा खडा. ओला चमचा कधी घालायचा नाही. कपाट अंधारं असू दे, गॅसच्या वरचं नको, तिथे वाफ लागते. पावसाळ्याआधी एकदा बरणी उघडून मिरच्यांना दोन उन्हं दाखवून परत भर, तेव्हा वास घेऊन बघ; खवट किंवा मातकट आला तर टाकून दे. बरणीवर मोठ्या अक्षरात नाव आणि महिना लिहून चिकटव, आणि रोजच्या तिखटाच्या डब्यापासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेव. सूनबाईला तेवढं आजच सांगून टाक.

तुझी आत्या